आरोपीचं नाव काय?

फेब्रुवारी संपत आला, की चेंबूरच्या आमच्या गल्लीत एकच चर्चा... गटार कुठे तुंबलंय? यंदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीकाकांनी आरोपी जाहीर केला : गेटजवळचं झाड! ठरावही तयार, 'पालिकेकडे अर्ज करून झाड तोडावे.' मी हात वर केला, "काका, पण झाड कुठलं आहे?" सगळे गप्प.

मग काय, रविवारची झोप सोडून आमची डिटेक्टिव्हगिरी सुरू. पहिला संशयित सप्तपर्णी. उग्र वासासाठी बदनाम तोच. पण तो फुलतो पावसाळा संपल्यावर आणि त्याचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. इथे चीक नाही. सप्तपर्णी सुटला.

दुसरी काटेसावर. हाताच्या पंजासारखं पान तिचंही. पण तिची फुलं मोठ्ठी, लालभडक आणि कोवळ्या खोडावर काटे. आमच्या झाडाला काटा औषधालाही नाही. फांद्या आडव्या, छत्रीच्या काड्यांसारख्या एकाच जागेवरून फुटलेल्या. खाली गेल्या वर्षीचं फळ पडलेलं, लाकडासारखं टणक, होडीच्या आकाराचं. शेजारी एक छोटंसं मातकट लाल फूल. नाकाजवळ नेलं आणि... केस क्लोज्ड!

पुस्तकाशी ताडून पाहिलं. हा तर जंगली बदाम! शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया फीटिडा. स्टर्क्युलियस म्हणजे रोमन लोकांचा खताचा देव आणि फीटिडा म्हणजे दुर्गंधी येणारा. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव छापलं तेव्हा त्याची आणि आमच्या काकांची तक्रार एकच होती म्हणायची.

पुढच्या मीटिंगला मी तीनच गोष्टी सांगितल्या. वास फुलांचा आहे, गटाराचा नाही. फुलं काही आठवड्यांची पाहुणी. आणि १९७५ च्या राज्याच्या कायद्यानुसार आपल्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. ठराव पुढे ढकलला गेला. रद्द नाही हं, पुढे ढकलला!

तुमच्याही ऑफिसच्या रस्त्यावर असा एखादा अनोळखी चेहरा असेल. नुसता फुलाचा फोटो काढून थांबू नका. पान साधं की पंजासारखं, चीक येतो का, खोडावर काटे आहेत का, खाली काय पडलंय, एवढं बघा. वासही घ्या, हिंमत असेल तर!

आता एप्रिल उजाडलाय. वास गेला, नवी पालवी दाट झाली. आणि त्या सावलीत गाडी कुणी लावायची, यावरून भांडण सुरू आहे. सगळ्यात पुढे कोण? सेक्रेटरीकाका!