मागचा दिवा कोणाचा?

मोटारीचे बहुतेक सारे अवयव मालकाच्या कामी येतात. पुढचे दिवे त्याला वाट दाखवितात, आरसे त्याला मागचे जग दाखवितात, भोंगा त्याचा आवाज होतो. मागचे दिवे मात्र सर्वस्वी परक्यासाठी जळतात. ‘मी येथे आहे’, ‘मी थांबतो आहे’, ‘मी वळतो आहे’ एवढेच निरोप ते देतात. आणि ज्याला ते द्यावयाचे तो दुचाकीस्वार, एस.टी.चा चालक वा मालमोटारवाला मालकाच्या ओळखीचाही नसतो. पैसे एकाने मोजायचे आणि उपयोग दुसऱ्याने करावयाचा अशी ही वस्तू असल्यामुळे, तिच्यावर आपली हौस भागविण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

हा प्रश्न निघण्याचे कारण असे की, मोटारीच्या सजावटीची दुकाने आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. तेथे मागच्या दिव्यांवर धुरकट फिल्म चढवून मिळते, काचेवर काळसर रंगाचा फवारा मारून मिळतो, मूळ संच काढून त्या जागी झगमगणाऱ्या पट्ट्यांचा नवा संचही बसवून मिळतो. गाडी रुबाबदार दिसते हे कोणीही मान्य करील, आणि हौसेला मोल नसते हेही खरे. पण मोटारीच्या खिडक्यांवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, तेव्हा आडपडदा फक्त आतल्या माणसापुरता होता. दिव्यावरचा पडदा बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांवर पडतो.

थोडा हिशेब करून पाहू. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे नियमाला जेमतेम उतरणाऱ्या दिव्यावर, प्रकाशाचा चौथा हिस्साच बाहेर सोडणारी गडद फिल्म चढविली, तर १५५ मीटरवर दिसणारा दिवा तेवढ्याच ठळकपणे ७७ मीटरवरच दिसेल. आता द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीचा विचार करा. पुढे गाडी थांबलेली आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ती ४० मीटरहून अधिक पुढे सरकते. त्यानंतर थांबायला कोरड्या रस्त्यावरही ५०-५५ मीटर लागतात. ७७ मीटरमध्ये हा हिशेब बसत नाही. त्यात पावसाळा आणि घाटातले धुके मिळविले, म्हणजे उरलेसुरले अंतरही संपते.

परावर्तकाची गत याहून वाईट. ज्याला आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो, तो स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या गाडीचा प्रकाश तिलाच परत करतो. त्यामुळे फिल्ममधून प्रकाशाला एकदा आत जाताना आणि पुन्हा बाहेर येताना असा दोनदा कर द्यावा लागतो. निम्मा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मखाली परावर्तक चतुर्थांशच उरतो. गाडी बंद पडून दिवे विझले असता हाच एक आधार असतो, हे विसरून चालणार नाही.

मागचे दिवे बदलूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत १९८६ सालच्या मोटारींपासून मागच्या काचेजवळ, उंचावर, ब्रेकचा तिसरा दिवा सक्तीचा झाला. मागून आदळण्याचे अपघात त्यामुळे दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी घटल्याचे तेथील सरकारी पाहणीत १९९८ मध्ये दिसून आले. एल.ई.डी. दिवा तंतूच्या दिव्यापेक्षा सुमारे एक पंचमांश सेकंद आधी उजळतो. ताशी १०० किलोमीटर वेगात मागच्याला तेवढ्यात साडेपाच मीटर जादा मिळतात. मात्र तंतूच्या दिव्यासाठी घडविलेल्या घरात बाजारातला कोणताही पांढरा एल.ई.डी. कोंबला, तर तांबड्या काचेतून फिकट गुलाबी उजेड पडतो. कारण पांढऱ्या एल.ई.डी.च्या प्रकाशात तांबडा अंश मुळातच कमी असतो. ‘जास्त प्रखर’ म्हणून घेतलेला दिवा असा ऐन वेळी मुका होतो, किंवा भलतीकडे प्रकाश फेकून मागच्याचे डोळे दिपवितो. सुधारणा आणि सजावट यांत फरक आहे तो इथे.

कोणी म्हणेल, उसाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिव्यावाचून ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात, त्यांना सोडून हौशी तरुणांना का धरता? आक्षेप रास्त आहे. ट्रॉलीला दिवा आणि परावर्तक लावून घेणे हे कारखान्यांचे व परिवहन खात्याचे कर्तव्य आहे. हंगामाच्या आरंभी चार फोटो काढून ते पुरे होत नाही. पण ट्रॉलीवाल्याचा अंधार दारिद्र्यातून वा हेळसांडीतून आलेला असतो. फिल्म लावणारा पैसे मोजून अंधार विकत घेतो. आणि दोन्ही अंधारांत आदळणारा बहुधा एकच असतो. रात्रपाळीहून किंवा शिकवणीहून दुचाकीवर परतणारा, ज्याच्यापुढे ना लोखंडी सांगाडा असतो, ना हवेची पिशवी.

उपाय खर्चिक नाहीत. योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी व्यापारी वाहनांचे मागचे दिवे पेटवून, लांबून पाहावेत. खासगी मोटारींची अशीच पाहणी पोलिसांनी रस्त्यावर करावी, आणि दंड फिल्म लावून देणाऱ्या दुकानदारापर्यंतही पोहोचावा. मालकांनी महिन्यातून एकदा संध्याकाळी गाडी सुरू ठेवून, घरातल्या कोणाला ब्रेक दाबायला सांगून, स्वतः दीडशे पावले मागे जाऊन उभे राहावे. तेथून जे दिसते तेच मागच्याला दिसते. त्या जागेवरून दिवा अंधूक वाटला, तर फिल्म उतरवायला पोलिसाची वाट पाहण्याचे कारण नाही.