दाताखालचा दाणा

सडक अर्जुनीच्या बाजारपेठेत धानाचा व्यापारी दाणा दाताखाली फोडून ओलावा जोखतो. शासकीय खरेदीतही १७ टक्क्यांची मर्यादा असते; विकणाऱ्याच्या शब्दावर माल कोणी घेत नाही. तरीही मुलीने पुण्याच्या फ्लेम विद्यापीठात साहित्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र एकत्र शिकण्याचा हट्ट धरला, की घरात विचारणा होते, ‘यातून दुकानाला काय?’

अशा शिक्षणात मतही दाण्यासारखेच फोडून पाहतात. सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्क’ ग्रंथात नयांची चिकित्सा केली, तीही याच वृत्तीने. तेव्हा पद्धत परकी नाही. खरी धास्ती निराळी आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी शिकलेली मुलगी ‘का?’ असे विचारील.