पाच मिनिटांत लोणार

विज्ञान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना लोणार सरोवर हा हक्काचा विषय. भाषण बहुधा असे सुरू होते : व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १५० मीटर, १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेली नोंद... तिसऱ्या-चौथ्या आकड्याला मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. आकडे खरे असतात. पण ते कशासाठी ऐकायचे, हे श्रोत्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, भाषण लिहिण्यापूर्वी कागदावर एकच प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, हे विवर ज्वालामुखीचे नव्हे, आकाशातून आदळलेल्या अशनीचे, हे कशावरून? या उत्तराला लागेल तेवढेच ठेवायचे.

आता क्रम. आधी शंका नीट उभी करा. भोवताली सगळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. तेव्हा ज्वालामुखीचा संशय येणे स्वाभाविकच होते, आणि जुन्या भूवैज्ञानिकांना तो आलाही. पण हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; विवर त्यामानाने अगदी अलीकडचे. मग मुख्य पुरावा. येथील खडकांत मस्केलिनाइट सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा क्षणिक तडाखा बसला, की न वितळताच त्याची अशी काच बनते. ज्वालामुखीत इतका दाब निर्माण होत नाही. हे वाक्य सावकाश म्हणा आणि क्षणभर थांबा.

आकार दाखवायला ३६ सेंटिमीटर व्यासाची, ३ सेंटिमीटर खोल परात न्या. प्रमाण तेच, बारास एक. (पिठात गोटी टाकूनही खड्डा दाखवता येईल, मस्केलिनाइट मात्र मिळणार नाही!)

वयाबाबत जपून बोला. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. सोयीचा आकडा उचलू नका, दोन्ही सांगा.

मिनिटाला शंभर शब्द धरले तर पाच मिनिटांत पाचशेच बसतात. म्हणून जून २०२० मधले गुलाबी पाणी भाषणात नको. ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले, एवढे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. तो प्रश्न कोणीतरी विचारतोच.