‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत, की त्यांचा अर्थ विचारण्याची गरजच कुणाला वाटत नाही. ‘पॉझिटिव्ह’ हा त्यांपैकीच एक. व्याख्यानात ‘पॉझिटिव्ह विचार करा’ म्हटले, की तो सद्गुण ठरतो. गणितात तो धन संख्या दर्शवितो. प्रयोगशाळेत मात्र त्याचा अर्थ एवढाच, की ज्याचा शोध घेतला ते सापडले. सापडलेले चांगले की वाईट, हे तो शब्द सांगत नाही.

रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ असणे हा आजार नव्हे. क्षयरोगाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षयरोग झालाच, असेही नव्हे. बीसीजी लसीमुळेही ती तशी येऊ शकते.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्यप्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. मोहगाव-सौंसरकडे अहवाल इंग्रजीत, बाहेरचा व्यवहार हिंदीत आणि घरातले बोलणे मराठीत. त्यामुळे ‘डॉक्टरसाहेब, पोरगी पॉझिटिव्ह निघाली’ एवढेच पालक सांगू शकतात. सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, इतकेच दाखविते. हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला असेल, तर मूल केवळ वाहक असते व सहसा निरोगी आयुष्य जगते. दोघांकडून आला असेल, तर ते रुग्ण असते. त्याला नियमित औषधोपचार, लसीकरण व देखरेख हवी. हा भेद इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारख्या तपासणीने कळतो. सहा महिन्यांखालील बाळात तर प्राथमिक चाचणीचे ‘निगेटिव्ह’ही फसवे असू शकते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अद्याप पुष्कळ शिल्लक असते.

हा भेद न कळल्यास निरोगी वाहक मुलीचे लग्न विनाकारण अडते आणि खरा रुग्ण उपचारावाचून राहतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी दोघांचीही तपासणी इष्ट होय.

माझ्या व्यवसायबंधूंना नम्र विनंती, की अंतिम तपासणीनंतर अहवालाखाली ‘वाहक’ किंवा ‘रुग्ण’ हा शब्द स्वहस्ते मराठीत वा हिंदीत लिहावा. पालकांनीही न संकोचता दोन प्रश्न विचारावेत : काय सापडले, आणि आता काय करायचे?