छोट्या लॅपटॉपचे वायफाय : दोष यंत्रात की जाळ्यात?

कपाटाच्या तळाशी किंवा माळ्यावर पडून राहिलेला सात-आठ इंची लॅपटॉप अनेक घरांत आजही सापडतो. आसुस कंपनीचा 'ई पीसी ७०१' २००७ साली बाजारात आला, तेव्हा त्याचे मोठे अप्रूप होते. सात इंचांचा पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती, हार्ड डिस्कऐवजी चार गिगाबाइटची फ्लॅश साठवण आणि विंडोजच्या जागी लिनक्स, असा तो सारा संसार होता. पुढच्याच वर्षी एसर, डेल या कंपन्यांनीही अशी यंत्रे आणली आणि 'नेटबुक' हा शब्द रूढ झाला. नावातच 'नेट' असलेल्या या यंत्राला इंटरनेट मिळाले नाही, तर त्याच्यापाशी उरते ते फारच थोडे. म्हणूनच कोणी हौसेने त्यावर नवे लिनक्स बसवतो आणि वायफायची यादी रिकामी दिसते, तेव्हा पहिला निष्कर्ष निघतो तो 'कार्ड गेले' असा, आणि दुसरा विचार येतो तो भंगारवाल्याचा.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा ठरतो. वायफाय जोडले जाणे ही एकच क्रिया नसून ती एक साखळी आहे. कार्डाला वीज मिळावी लागते, कर्नलला ते दिसावे लागते, त्याचा ड्रायव्हर चढावा लागतो, राऊटरने त्याला ओळखावे लागते, मग पत्ता मिळतो आणि शेवटी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधला जातो. यांपैकी कोणतीही कडी निखळली, तरी वापरणाऱ्याच्या तोंडी वाक्य एकच असते : नेट चालत नाही. लिनक्सची जमेची बाजू अशी, की नेमकी कोणती कडी निखळली हे ती प्रणाली सांगते. मात्र ते विचारावे लागते आणि क्रमाने विचारावे लागते. प्रणाली पुन्हा पुन्हा नव्याने बसवत राहणे हा त्यावरचा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत निष्फळ उपाय होय.

आरंभ कळीपासून करावा. टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली, की प्रत्येक बिनतारी साधनापुढे 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड' अशा दोन ओळी येतात. पहिलीपुढे 'येस' असेल, तर आज्ञावलीने रेडिओ बंद केला आहे आणि 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' या आज्ञेने, प्रशासकाच्या अधिकारात, तो खुला होतो. दुसरीपुढे 'येस' असेल, तर आज्ञांनी काहीही साधत नाही. यंत्राच्या कडेची सरकती कळ किंवा कळफलकावरील जोडकळ शोधावी लागते. ई पीसीवर ती 'एफएन' आणि 'एफ२' अशी आहे.

ई पीसीच्या बाबतीत येथेच एक चकवा आहे, आणि त्याने कित्येकांना फसवले आहे. इतर अनेक लॅपटॉपमध्ये रेडिओ बंद केला तरी कार्ड यंत्राच्या यादीत दिसत राहते. ई पीसीवर ते जणू खाचेतून उपसून काढल्याप्रमाणे यादीतूनच नाहीसे होते. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा जोडलेल्या सर्व चिपांची यादी देते. तीत बिनतारी कार्डाचा मागमूसही नसेल, तर माणूस कार्ड मेले असे समजणारच. वास्तविक त्याचे बटण कोणीतरी, कदाचित वर्षांपूर्वी, बंद करून ठेवलेले असते. जोडकळ दाबून आणि यंत्राच्या बायॉसमध्ये 'ऑनबोर्ड डब्ल्यूलॅन' हा पर्याय चालू आहे ना, हे पाहूनच पुढे जावे. यादी वाचतानाही थोडे सावध असावे. ७०१ चे बिनतारी कार्ड एथेरॉस कंपनीचे आहे. पण नव्या लिनक्समध्ये तारेच्या जोडणीची चिपही एथेरॉसच्याच नावाने दिसू शकते. ज्या ओळीत 'वायरलेस' हा शब्द आहे ती ओळ आपली, मग तिच्या आरंभी 'इथर्नेट कंट्रोलर' असे का लिहिलेले असेना.

कार्ड दिसते, पण 'आयपी लिंक' या आज्ञेच्या उत्तरात 'डब्ल्यू' अक्षराने सुरू होणारे जाळ्याचे नाव नाही, असे असल्यास प्रश्न ड्रायव्हरचा असतो. येथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. २००७ मध्ये ई पीसीवरील वायफाय 'मॅडवायफाय' या ड्रायव्हरवर चालत असे. त्याचा गाभा, म्हणजे रेडिओला प्रत्यक्ष हुकूम देणारा भाग, बंद स्वरूपात होता. त्याचा मूळ मजकूर कोणालाच पाहता येत नसे. ओपनबीएसडी प्रकल्पातील राइक फ्लोटर यांनी त्या गाभ्याला मुक्त पर्याय लिहिला होता. त्याच पायावर उभा राहिलेला 'एथ५के' हा ड्रायव्हर एप्रिल २००८ मध्ये आलेल्या २.६.२५ या कर्नलमध्ये दाखल झाला, आणि ७०१ मधील चिपला आधार मिळायला पुढे आणखी काही आवृत्त्या लागल्या. त्याच वर्षी एथेरॉसनेही आपल्या गाभ्याचा मूळ मजकूर खुला केला. एथेरॉस ही कंपनी २०११ मध्ये क्वालकॉमने विकत घेतली आणि ती चिप केव्हाच कालबाह्य झाली. ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये राहिला. याउलट, विंडोजचे ड्रायव्हर लिनक्सवर चालवण्याची 'एनडीआयएसरॅपर' नावाची जी क्लृप्ती त्या काळी घरोघरी वापरली गेली, तिच्यावर विसंबलेली कार्डे नव्या कर्नलवर निराधार झाली. जुने नेटबुक आज वाचते की नाही, हे त्याच्या पेटीवरील नावापेक्षा आतल्या चिपवर अधिक अवलंबून आहे, ते असे.

'एथ५के'ला आणखी कशाची गरज लागत नाही. परंतु ई पीसी ९०१ मधील रॅलिंक किंवा डेलच्या मिनी ९ मधील ब्रॉडकॉम चिपला ड्रायव्हरखेरीज 'फर्मवेअर' नावाची एक छोटी फाइल हवी असते. ती चिपच्या आत चालणारी आज्ञावली होय. ती नसेल तर 'डीएमईएसजी' या आज्ञेच्या उत्तरात फर्मवेअर चढवता आले नाही, त्रुटी उणे दोन, अशा अर्थाची ओळ दिसते. हा उणे दोन म्हणजे गूढ संकेत नव्हे; 'फाइल सापडली नाही' एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्या ओळीत फाइलचे नावही दिलेले असते. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत प्रतिष्ठापन संचात घेण्याचे ठरवले आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली. तरीही ब्रॉडकॉमच्या काही चिपांचे फर्मवेअर वेगळे उतरवून घ्यावे लागते. ते उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी ते हवे, हा पेच मोबाइल सोडवतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' चालू केले, की लिनक्सला तो बहुधा तारेच्या जाळ्यासारखा दिसतो.

३२ बिटांच्या प्रोसेसरविषयीही येथेच सांगितले पाहिजे. ७०१ मधील सेलेरॉन त्याच जातीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी प्रतिष्ठापन संच राहिलेला नाही. बारावी आवृत्ती किंवा ३२ बिटांसाठी अजून निघणाऱ्या अँटिएक्ससारख्या हलक्या आवृत्त्या, एवढाच मार्ग उरतो.

आता समजा ड्रायव्हर चढला, शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी यादीत दिसू लागली, पण घरचेच जाळे दिसत नाही. दोष यंत्रातून उठून राऊटरकडे जातो तो येथे. ७०१ चे कार्ड 'बी' आणि 'जी' या जुन्या मानकांचे, केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले. ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्याला कधीच दिसणार नाही, आणि राऊटरवर जुनी मानके बंद करून ठेवली असतील, तर दिसूनही उपयोग होणार नाही. याहून फसवा प्रकार चॅनेलचा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि येथे त्यातील १ ते १३ ही चॅनेल वापरता येतात. अमेरिकी नियमांनुसार चालणारी कार्डे मात्र ११ व्या चॅनेलपर्यंतच जातात. राऊटरला 'स्वयंचलित' ठेवले आणि त्याने एके रात्री गर्दी टाळण्यासाठी १३ वे चॅनेल निवडले, की सकाळी इतर सर्व यंत्रे चालू आणि नेटबुकच तेवढे आंधळे! 'आयडब्ल्यू रेग गेट' ही आज्ञा कार्ड कोणत्या देशाचे नियम पाळते ते दाखवते. 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' देऊन भारत निवडता येतो. पण कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत दुसरा देश कोरलेला असेल, तर ती आज्ञा तेथे पुरी पडत नाही. राऊटरवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल कायम करणे अधिक खात्रीचे. इमारतीत पंधरा-वीस राऊटर असतील, तर ही तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, हा लाभ वेगळाच.

जाळे दिसते, परंतु परवलीचा शब्द अचूक देऊनही तो पुन्हा पुन्हा विचारला जातो, असे झाल्यास सुरक्षेचा प्रकार तपासावा. नवे राऊटर 'डब्ल्यूपीए३' या पद्धतीवर बेतलेले असू शकतात. जुन्या प्रणालीला ती उमगत नाही आणि ती तक्रार करते ती परवलीच्या शब्दाची. राऊटरवर 'डब्ल्यूपीए२' किंवा दोन्हींचे मिश्रण ठेवल्यास हा अडसर दूर होतो. मात्र जुन्या यंत्राच्या सोयीसाठी 'डब्ल्यूईपी'पर्यंत खाली उतरू नये. ते कुलूप काही मिनिटांत उघडते, आणि मग धोका नेटबुकपुरता न राहता साऱ्या घराच्या जाळ्याला होतो. राऊटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असल्यास जुन्या यंत्राला तेथेच बसवावे.

एक भांडण प्रणालीच्या पोटातही चाललेले असते. डेबियनचे प्रतिष्ठापन वायफायवरून केले, तर कधीकधी त्या जाळ्याची नोंद 'इंटरफेसेस' नावाच्या फाइलमध्ये लिहिली जाते. पुढे 'नेटवर्क मॅनेजर' हा व्यवस्थापक ती नोंद पाहून त्या कार्डाला हात लावत नाही आणि त्यापुढे 'अनमॅनेज्ड' असा शेरा मारतो. फाइलमधील वायफायच्या ओळी काढून यंत्र पुन्हा सुरू केले, की कारभार एकाच्याच हाती येतो.

जोडणी झाली, तर 'आयपी ॲड्रेस' ही आज्ञा मिळालेला पत्ता दाखवते. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही. १९२.१६८ सारखा पत्ता असेल, तर प्रथम राऊटरला, मग ८.८.८.८ या गूगलच्या क्रमांकाला 'पिंग' करावे. क्रमांकाला उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, म्हणजे गोंधळ नावे शोधणाऱ्या डीएनएस सेवेचा आहे. जोडणी दर काही मिनिटांनी तुटत असेल, तर कार्डाची वीजबचत 'आयडब्ल्यू' आज्ञेने बंद करून पाहावी.

हे सर्व ठीक असूनही ब्राउझर एकामागून एक संकेतस्थळे नाकारतो आणि जोडणी सुरक्षित नसल्याचे बजावतो, अशी वेळ जुन्या यंत्रांवर हमखास येते. तेव्हा वायफायला दोष देण्याआधी 'डेट' ही आज्ञा देऊन पाहावे. मदरबोर्डवरील घड्याळाची बॅटरी संपलेली असली, की यंत्र दर वेळी कित्येक वर्षे मागे जाऊन उठते. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात; ज्या यंत्राच्या हिशेबी अजून २००७ साल चालू आहे, त्याला आजचे प्रत्येक प्रमाणपत्र भविष्यातले वाटते आणि ते नाकारले जाते. तारीख दुरुस्त करताच सारी पाने उघडू लागतात. जाळ्यावरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू केली, की रोजची कटकटही मिटते. यंत्रासोबत आलेले मूळ लिनक्सच अजून वापरात असेल, तर मात्र तारीख जुळवूनही भागत नाही. त्यातील ब्राउझरला जुनीच सुरक्षाभाषा येते, आणि प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये ती सोडून दिली.

राऊटरच्या शेजारी बसूनही संकेत क्षीणच राहिला, तर कार्डाला जोडलेली ॲन्टेनाची बारीक तार निसटली आहे का, हे जाणकाराकडून उघडून पाहून घ्यावे. कार्ड खरोखरच निकामी ठरल्यास यूएसबीचे छोटे वायफाय साधन लावता येते. ते घेताना खोक्यावरील मॉडेलपेक्षा आतील चिप कोणती, हे विचारावे. कारण एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते. एथेरॉसची 'एआर९२७१' ही चिप या कामी विश्वासाची आहे. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, आणि तिचे फर्मवेअरही २०१३ मध्ये मुक्त झाले.