बंब घेताय? आधी जागा बघा!

कशेळीत खोली तापवायला काश्मीरची बुखारी लागत नाही. पण डिसेंबरच्या पहाटे खाडीवरचा गारठा अंगाला झोंबला की बादलीभर कढत पाणी लागतंच. म्हणून आपला लाकडावरचा हीटर म्हणजे बंब! दाराशी अंगण, परसू किंवा मोकळी पडवी असेल, तर तो आजही कामाचा आहे. फक्त निवड नीट हवी आणि जागा त्याहून नीट. त्यासाठीच या काही चटकदार गोष्टी.

पोटात आग, भोवती पाणी
बंबाच्या मधोमध उभी नळी असते. तिच्यात वरून ढलप्या, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे टाकायचे. खाली जाळी, जाळीखाली राख. तापलेली हवा नळीतून वर जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते, त्यामुळे एकदा पेटलेल्या बंबाला फुंकणी लागत नाही. ज्वाळेला चारही बाजूंनी पाण्याचा वेढा असतो. उघड्या चुलीवरच्या हंड्याला आच मिळते ती मुख्यतः बुडाला, बाकीची आजूबाजूने निसटते.

गार ओता, कढत घ्या
काही बंबांना तोटी नसते, वर नरसाळं आणि बाजूला चोच असते. नरसाळ्याची नळी थेट तळाशी जाते. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी बसतं आणि तेवढंच कढत पाणी चोचीतून बाहेर पडतं. त्यामुळे बंब सतत भरलेला राहतो. ही चोच कधीही बुजवू नका, वाफेला तीच वाट असते.

पाव किलो लाकडात आंघोळ
२० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १,७०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात साधारण १५,००० किलोज्यूल असते. त्यातली निम्मी नळीतून उडून गेली, तरी पाव किलो लाकडात एका माणसाची आंघोळ होते. म्हणून बंब घेताना घरातली डोकी मोजा. दोघांसाठी भलामोठा बंब घेतला, तर रोज नको तेवढं पाणी तापवत बसाल.

तांब्याचा की स्टीलचा?
उष्णता वाहून नेण्यात तांबं स्टेनलेस स्टीलच्या वीसपटींहून सरस. पण पत्रा पातळ असल्यामुळे वापरताना फरक तेवढा जाणवत नाही. खरा अडथळा नळीला आतून धरणाऱ्या काजळीचा, त्यामुळे धातू कुठलाही असो, नळी खरवडत राहा. तांब्याचा मोठा फायदा म्हणजे ठोकून, डाख लावून तो दुरुस्त होतो. पुण्याच्या तांबट आळीत ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

रिकामा बंब पेटवू नका
कथील २३२ अंशांना वितळतं. पाणी भरलेलं असलं की पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणीच नसेल, तर कथलाचा डाख बघता बघता सुटतो. आधी पाणी, मग काडी!

चिंचेची करामत
नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाआधी बंब चिंचेने घासून लख्ख करतात. चिंचेतलं टार्टरिक आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवतं. त्यानंतर मात्र स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडा करा, म्हणजे झळाळी टिकते.

पॅलेटवरचा शिक्का वाचा
कशेळी-काल्हेरच्या पट्ट्यात गोदामांची दाटी, त्यामुळे मोडक्या पॅलेटच्या फळ्या सहज हाती लागतात. परदेशी मालासोबत फिरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाचा संकेत आणि पुढे दोन अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ‘एमबी’ची फळी बंबात नको. रंगवलेलं किंवा तेलकट डाग पडलेलं लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेटचे तुकडे, हेही नको. त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर घातक असतो.

तिवराला हात नको
खाडीकाठची खारफुटी दिसायला झुडूप, पण भरतीच्या पाण्यापासून गाव सांभाळते ती. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर तिची तोड थांबवली. बाभळीच्या फांद्या, नारळाची सोडणं, करवंट्या असताना तिवर तोडायचं कारणच नाही.

ओलं लाकूड म्हणजे तोटा
ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेत ३० अंशांचं सात लिटर पाणी उकळीला येतं. ओल्या ढलप्या आधी स्वतःलाच वाळवतात, वर धूर आणि काजळी! सुक्या लाकडाची टोकं तडकलेली असतात, हाताला ते हलकं लागतं आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतं. पावसाळ्यासाठी सरपण मेमध्येच आडोशाला रचून ठेवा.

धुराशी जुनं भांडण
अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी तयार केली आणि ती सर्वांना वापरता यावी म्हणून पेटंट नाकारलं. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास धुराडं असलेली ‘मगन चूल’ आकाराला आली. पुण्यात आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा केला आणि २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळवला. ही धडपड किती मोलाची ते एका आकड्यावरून कळतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभर ३२ लाख माणसं दगावली.

राख झाकून ठेवा
वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे कितीतरी तास जिवंत राहतात. ती पत्र्याच्या डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको. निव्वळ लाकडाची राख पुरती निवली की भांड्यांना आणि झाडांना उपयोगी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जागा
बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका, धुमसता बंब आत आणूही नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होऊन माणूस कोसळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. बंब उघड्यावर, सपाट फरशीवर ठेवा. लाकडी भिंत, ताडपत्री, कपड्यांची दोरी यांपासून तीन फूट लांब. पडवीला छप्पर असेल तर धुराडं छपराच्या वर तीन फूट काढा आणि दहा फुटांच्या आत काही उंच असेल तर त्याहून दोन फूट वर न्या.

वाऱ्याचाही अंदाज घ्या. किनारपट्टीत पहाटे वारा जमिनीकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून, म्हणून दुपारी पाहून ठरवलेली जागा सकाळी दगा देते. बंब विकत घेण्याआधी आंघोळीच्या वेळी त्या जागी उदबत्ती लावा. धूर आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरत असेल, तर जागा बदला. तशी जागाच मिळत नसेल तर बंबाचा नाद सोडा आणि गच्चीवर सौरबंब बसवा. पाणी तापायचं ते तापेलच, पण घरातल्या आणि शेजारच्या लेकरांना श्वास स्वच्छ मिळेल.