विद्येचें उत्तरायुष्य

मनुष्याच्या आयुष्याचे चार आश्रम आपल्या शास्त्रकारांनीं आंखून दिले आहेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ब्रह्मचारी गुरुगृहीं शिकतो, गृहस्थ संसार करतो, केस पिकले व नातवाचें तोंड दिसलें म्हणजे तोच वानप्रस्थ होतो, आणि शेवटीं सर्वसंगपरित्याग करून संन्यासी होतो. या आंखणींत स्त्रीच्या उतारवयाला जागा कोठें? वनाला निघालेल्या पुरुषानें पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें, नाहींतर बरोबर न्यावें, असा मनूचा अभिप्राय आहे. म्हणजे ती राहिली तर मुलांसाठीं, आणि गेली तर पतीमागून. तिचा स्वतःचा असा तिसरा आश्रम त्यानें कल्पिलाच नाहीं.

तो आश्रम आतां शिकलेल्या स्त्रियांनीं आपल्या हातांनीं उभारला आहे, आणि त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां शिकलेल्या मुलीला वर मिळेल काय, हा लोकांपुढें मोठा प्रश्न होता. तो केव्हांच मावळला. आज आमच्या वाचकांच्या कित्येक घरांत आजी पदवीधर, सून पदवीधर आणि नात कॉलेजांत, अशी तीन पिढ्यांची मालिका नांदत आहे. आतांचा प्रश्न निराळा आहे. मुलें मार्गाला लागलीं, नोकरी असल्यास ती संपली, आणि हातापायांत अजून बळ व डोक्यांत शहाणपण आहे. अशा वेळीं त्या विद्येचें काय करावयाचें? आमचें मत असें कीं, विद्येला साठीच्या सुमारास दुसरा बहर येतो. मात्र तो येऊं द्यावयाचा कीं खुडून टाकावयाचा, हें पुष्कळ अंशीं घरांतील माणसांच्या हातीं असतें.

उदाहरणें आपल्याच प्रांतांत आहेत. ताराबाई मोडक १९१४ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला. एवढ्यावर कोणीहि स्वतःस कृतकृत्य मानलें असतें. परंतु १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या बोर्डीसारख्या खेड्यांत जाऊन राहिल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, आणि त्यांतून अंगणवाडी जन्मास आली. पुढें १९५७ सालीं, पासष्टाव्या वर्षीं, त्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्यें गेल्या. तेथील मुलें गुरें राखीत, म्हणून शाळाहि कुरणांत भरूं लागली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या बालविधवा. त्यांनीं तर बी. ए.ची पदवीच पन्नाशीच्या घरांत मिळविली. १९७५ सालीं सरकारनें देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव देण्यांत आलें. एका उतारवयांतील पदवीधर बाईनें खेड्यांतल्या अंगणांत मांडलेला डाव सबंध देशानें उचलला.

दुसरें उदाहरण भागवत भगिनींचें. कमलाबाई सोहोनी या पूर्वाश्रमीच्या भागवत. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यांत आला होता. तो त्यांनीं हट्टानें मिळविला, आणि १९३९ सालीं केंब्रिजची पीएच. डी. संपादिली. मुंबईच्या विज्ञानसंस्थेचें संचालकपद भूषवून त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनीं काय करावें? १९६६ सालीं मुंबईंतील कांहीं स्त्रियांनीं ग्राहकांच्या हितासाठीं एक संस्था काढली होती. तींत त्या मन लावून काम करूं लागल्या. दूध, तेल, मसाले यांतील भेसळ कशी ओळखावी हें त्यांनीं गृहिणींस समजेल अशा भाषेंत सांगितलें, आणि १९८२-८३ सालीं त्या संस्थेचें अध्यक्षपदहि सांभाळलें. प्रयोगशाळेंत मिळविलेली विद्या अशा रीतीनें फिरून स्वयंपाकघराच्या कामीं आली.

त्यांच्या भगिनी दुर्गाबाई भागवत १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या, तेव्हां त्यांचें वय पासष्ट होतें. आणीबाणीविरुद्ध त्या निर्भीडपणें बोलल्या, आणि पुढल्या वर्षीं त्यांना तुरुंगांत जावें लागलें. याच बाईंनीं खाद्यपदार्थांवरहि तितक्याच गोडीनें पुस्तक लिहिलें आहे. ग्रंथालय व चूल यांचें वैर असतें, असें मानणाऱ्यांनीं तें अवश्य पाहावें.

प्रवासाच्या बाबतींत आम्हांला इरावतीबाई कर्वे यांची आठवण होते. हुजुरपागेंत व फर्ग्युसन कॉलेजांत शिकून त्या बर्लिनपर्यंत गेल्या. महर्षि कर्व्यांच्या घरांत सून म्हणून नांदल्या, मुलेंबाळें वाढविलीं, आणि मानववंशशास्त्राच्या कामासाठीं गांवोगांव हिंडल्या. पंढरीच्या वारीबरोबर त्या पायीं चालल्या, तेव्हां बरोबरीनें भजन करणारे वारकरी जेवणाच्या वेळीं जातवार वेगळे बसतात, हें पाहून त्यांना दुःख झालें, आणि तें त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें. प्रवासाचें फळ म्हणतात तें हें. नुसतें देवदर्शन घेऊन परतणें निराळें, आणि वाटेवर डोळे उघडे ठेवणें निराळें. १९६७ सालीं, साठी उलटल्यावर, त्यांनीं ‘युगान्त’ प्रसिद्ध केलें. महाभारताकडे इतक्या निर्भय दृष्टीनें पाहण्यास जी विद्वत्ता लागते, ती कॉलेजांत मिळूं शकते. परंतु गांधारी व कुंती यांचें मन जाणण्यास संसारहि पाहिलेला असावा लागतो.

कोणी म्हणेल, हीं थोरांचीं नांवें झालीं. आमच्या घरांतील आजी ही साधी पदवीधर बाई. परंतु आमचें सांगणें अशा साध्या आजीविषयींच आहे. आमच्या पाहण्यांतील एका घरीं अशा एक बाई आहेत. कॉलेजांतील त्यांच्या सात-आठ मैत्रिणी दरवर्षीं चार दिवस एकत्र प्रवासास निघतात. पहिल्या वर्षीं हंपीस जावयाचें ठरलें, तेव्हां घरच्यांनीं विचारलें, "नातवाला शाळेंतून कोण आणील?" बाई गेल्या नाहींत. दुसऱ्या वर्षीं सुनेची परीक्षा आली, तिसऱ्या वर्षीं घरीं पाहुणे आले. चौथ्या वर्षीं मैत्रिणींनीं त्यांना विचारलेंच नाहीं. घरांत कोणीहि त्यांच्याशीं कठोर वागलें नाहीं, कोणी "जाऊं नका" असें म्हटलें नाहीं. आजी घरींच असते, हें मात्र सर्वांनीं गृहीत धरलें होतें. आमच्या मतें अन्याय नेहमीं आवाज करीतच येतो असें नाहीं. तो कित्येकदां मायेच्या पावलांनींहि येतो.

यावर आक्षेप असा कीं, नातवंडें सांभाळणें हें काय कमी प्रतीचें काम आहे? मुळींच नाहीं. एकत्र कुटुंबाची शोभाच ती आहे, आणि शिकलेल्या आजीच्या मांडीवर वाढलेल्या मुलांचा उच्चार, पाठांतर व जिज्ञासा कशी फुलते, हें शाळेच्या वर्गांत उभें राहून आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे. परंतु जी आजी स्वतः वाचीत नाहीं, चार माणसांत मिसळत नाहीं, नवें गांव पाहत नाहीं, तिच्याजवळ नातवाला सांगावयास नवें काय उरणार? आटलेल्या विहिरीवर पोहरा कितीहि सोडला तरी तो रिकामाच वर येतो. आजीचा स्वतःचा वेळ राखला तर नातवाचें नुकसान होत नाहीं. त्याच्याच हिताची ती तरतूद आहे.

साधनें आज पुष्कळ आहेत. राज्यांत एस. टी.नें पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांस २०२२ सालापासून विनामूल्य व सर्व स्त्रियांस २०२३ सालापासून अर्ध्या भाड्यांत प्रवासाची सोय झाली. रेल्वेंत अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांस मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत मात्र मार्च २०२० मध्यें बंद झाली. तेव्हां लांबच्या यात्रेचा खर्च घरानें आधींपासून मनांत धरावा, हें बरें. आणि आजीचें पेन्शन असेल तर त्याचा हिशेब तिचा तिनेंच ठेवावा. प्रत्येक तिकिटासाठीं मुलापुढें हात पसरावा लागला, तर त्या प्रवासाची निम्मी गोडी स्टेशनावर पोंचण्यापूर्वींच जाते.

समाजाच्या कामालाहि तोटा नाहीं. ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतील फांगणे या गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या, आयुष्यांत कधीं पाटी न धरलेल्या बाया गुलाबी नऊवारी लुगडीं नेसून, दप्तर घेऊन शाळेंत येऊं लागल्या, आणि आपली सही आपण करावयास शिकल्या. शहरांतील पदवीधर आजींनीं हें दृश्य मनासमोर आणावें. आपल्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईला सही करतां येते काय, एवढें विचारलें तरी एक शाळा ओसरीवर सुरू होण्यासारखी आहे. माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यांत जुन्या आठवणी व फराळ हवाच; परंतु त्याच बैठकींत असें एखादें काम वांटून घेतलें, तर तो मेळावा वर्षभर चालूं राहील.

शेवटीं घरांतील कर्त्या मंडळींस आमची एक विनंति आहे. स्वयंपाकघरांत दिनदर्शिका टांगलेली असते. तीवर दूधवाल्याचे खाडे, सिलिंडरची तारीख, मुलांच्या परीक्षा, सर्व कांहीं लिहिलेलें असतें. येत्या महिन्याचें पान उलटाल तेव्हां लेखणी प्रथम आजीच्या हातीं द्यावी, आणि तिचे दिवस तिला आधीं मांडूं द्यावेत. बाकीच्या घरानें आपलीं कामें मग उरलेल्या चौकटींत बसवावीं. तिनें आजवर सर्वांसाठीं तेंच केलें आहे.